तडा दाखवून कमी केलेले भाडे

दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयातील बदलीच्या निमित्ताने मला डोंबिवलीत भाड्याचे घर शोधावे लागले. स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या अंतरावर, १९८७ साली बांधलेल्या एका तीनमजली इमारतीत दोन खोल्या व स्वयंपाकघर अशी जागा पसंत पडली. मालक सेवानिवृत्त गृहस्थ; मुलाकडे पुण्यास राहावयास गेलेले. भाडे त्यांनी तेरा हजार सांगितले. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. तेव्हा सांगितलेली किंमत पहिल्या शब्दाला मान्य करणे हे माझ्या विषयालाच कमीपणा आणणारे झाले असते. जिन्यातील खांबाचा गिलावा फुगून आतली गंजलेली सळई उघडी पडली होती, ती मी त्यांना दाखवली. स्वयंपाकघरातील बीमवरचा हातभर लांबीचा तडा दाखवला. न्हाणीघराच्या छतावरची ओल दाखवली. "काका, अशा जागेचे तेरा हजार कसे द्यायचे?" असे विचारले. काका क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "सर, तुमचंही बरोबर आहे. अकरा द्या." दलालाने मान डोलावली. अकरा महिन्यांचा करार, महिन्याला दोन हजारांची सूट, म्हणजे बावीस हजारांची बचत. त्या रात्री मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या आषाढात एका दुपारी स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा परातीएवढ्या तुकड्याने खाली आला. माझी मुलगी पाण्याचा पेला घेऊन नुकतीच बाहेरच्या खोलीत आली होती. कोणाला इजा झाली नाही. परंतु ओट्यावरचा ढिगारा आवरताना एक प्रश्न मनात आला, तो अजून गेलेला नाही. ते बावीस हजार रुपये नेमकी कशाची किंमत होती? तडा मी दाखवला, मालकांनी तो मान्य केला, दोघांनी मिळून त्याचे मोल ठरवले, करारावर सह्या केल्या. आणि तडा मात्र जागच्या जागी राहिला. आमच्या व्यवहारातून एक पैसाही त्या बीमपर्यंत पोहोचला नव्हता. उलट, जो पोहोचण्याची थोडीफार शक्यता होती, तो मी माझ्या खिशात घातला होता.

सौद्यात नसलेली माणसे

धोका असेल तेथे दर कमी असावा, हा विचार वरकरणी अगदी शास्त्रशुद्ध वाटतो. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले होते, की ज्या धंद्यात कष्ट, गैरसोय वा अप्रतिष्ठा अधिक, तेथे तिची भरपाई करणारे वेतन द्यावे लागते. हाच न्याय घरभाड्याला लावला तर धोक्याच्या घराचे भाडे कमी होणे हे ओघानेच येते. ज्याला सुरक्षितता हवी तो अधिक पैसे मोजील, ज्याला पैसे वाचवावयाचे आहेत तो धोका पत्करील. तिसऱ्याने मध्ये पडण्याचे कारण काय? असे म्हणणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात, आणि ते मूर्ख नसतात.

पण या न्यायाला तीन अटी आहेत. धोका किती आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक हवे. सौदा करणाराच धोका सोसणारा हवा. आणि नको म्हणण्याची त्याला खरीखुरी मोकळीक हवी. भाड्याच्या घराच्या बाबतीत या तिन्ही अटी सहसा पाळल्या जात नाहीत.

पहिली अट घ्या. मला तडा दिसला होता. पण तो केवळ गिलाव्याचा आहे की आतल्या काँक्रीटचा, हे मला कळत नव्हते. गिलावा पडल्यानंतर मी सोसायटीच्या सचिवांकडे गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून एक कागद काढून दाखवला. इमारतीला तीस वर्षे उलटल्यामुळे बांधकामाच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावे, अशी ती महापालिकेची नोटीस होती आणि तिलाही दोन वर्षे झाली होती. मालकांना ती माहीत होती. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे सिद्ध केले, की वस्तूतला दोष विकणाऱ्यालाच ठाऊक असेल तर तो बाजार चांगल्या वस्तूला न्याय देत नाही. घेणारा सर्वांनाच सारखे संशयाने पाहतो, सर्वांनाच कमी दर देऊ करतो. मग ज्याने पदरचे पैसे घालून घर नीट राखले त्याला त्याचा मोबदला मिळत नाही आणि पुढच्या वेळी तोही राखत नाही. आमच्या उपनगरांत नेमके हेच चालले आहे. रंग काढलेल्या भिंतीला भाडे मिळते. रंगाखाली काय आहे याला मिळत नाही.

याबाबत कायदा मुका आहे असे नाही. अकरा महिन्यांचे आपले लिव्ह अँड लायसन्सचे करार कायद्याच्या दृष्टीने भाडेपट्टे नसतात, ते परवाने असतात. आणि परवान्याचे नियमन करणाऱ्या १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या ५७ व्या कलमाने परवाना देणाऱ्यावर एक स्पष्ट कर्तव्य लादले आहे. घेणाऱ्याच्या जिवाला वा मालमत्तेला धोका पोहोचवू शकेल असा जागेतील दोष स्वतःला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. हे कलम एकशेचाळीस वर्षांहून अधिक जुने आहे. दलालाच्या छापील करारनाम्यात पंखे किती, नळ किती, गीझर चालू की बंद, याची यादी असते. या कलमाला जागा दिलेली मी अद्याप एकाही करारात पाहिलेली नाही.

दुसऱ्या अटीची गोष्ट याहून गंभीर आहे. सौदा मी केला. स्लॅबखाली उभी होती ती माझी मुलगी. भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना भाड्यात सूट मिळाली नव्हती. आणि खांब तर माझ्या एकट्याचा नव्हेच. तो तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सर्वांचा. तळमजल्यावरच्या माणसाने केलेला हिशेब तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला फेडावा लागतो. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची इमारत कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडेच बोट दाखवले गेले. वरच्या मजल्यांवरील कुटुंबे त्या कामात कोणत्याही नात्याने सहभागी नव्हती. ज्या वस्तूचा उपभोग वाटून घेता येत नाही, तिचा धोकाही खोलीखोलीने विकता येत नाही. खोलीचे भाडे ठरू शकते. खांबाचे ठरू शकत नाही.

तिसरी अट पर्यायाची. माझ्यासारख्या पगारदार माणसाला दुसरे घर पाहता आले असते. ज्याचे काम, मुलांची शाळा आणि उधारीचा वाणी हे सारे एकाच गल्लीत आहे, त्याला ते शक्य नसते. आणि जुन्या मुंबईतला भाडेकरू इमारत खाली करावयास नकार देतो, तो धोका न समजल्यामुळे नव्हे. एकदा घर सोडले की ते पुन्हा मिळेल याची त्याला खात्री वाटत नाही. संक्रमण शिबिरांत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांचे उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर असते. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपुष्टात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. तो निर्णय जेवढ्या मोठ्या अक्षरांत जिन्यांवर लावला जाईल, तेवढी माणसे वेळेवर बाहेर पडतील.

१९४० चे भाडे, १९८७ चा खर्च

स्वस्त भाडे ही धोक्याची भरपाई असते, असे आपण मानतो. पुष्कळदा ते धोक्याचे कारण असते. मुंबईइतके याचे ठसठशीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे प्रमाण भाडे ठरवले. फाळणी व महायुद्धोत्तर टंचाईच्या त्या काळात हा उपाय समर्थनीय होता, याबद्दल दुमत असू नये. त्याने लाखो गिरणी कामगार व कारकून कुटुंबांना छप्पर दिले. परंतु सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी १९४० मध्ये थांबली नाही. भाडे थांबले, तशी दुरुस्ती थांबली. भाडेकरूचे जे पैसे वाचले ते भिंतीत गेले नाहीत. जागा हस्तांतरित होताना ते पागडीच्या रूपाने या हातातून त्या हातात गेले. इमारती पडू लागल्या, तेव्हा शासनाला १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला. त्या वेळी सुमारे १९,६०० इमारती त्याच्या कक्षेत आल्या. प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण साठ वर्षे गोठलेल्या पायावरील चार टक्के म्हणजे किती, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत पुन्हा तेच झाले.

यावरून सारा दोष भाडेनियंत्रणाच्या माथी मारण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्यात सत्तरहून अधिक बळी घेणारी इमारत अजून पुरती बांधूनही झाली नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची इमारत कोसळली, तिला बांधून फार वर्षे झाली नव्हती. त्यांचा भाडेनियंत्रणाशी काडीचाही संबंध नव्हता. आणि आमच्या डोंबिवलीच्या इमारतीचा तर नाहीच. तेथे भाडे बाजारभावाने ठरते. मग तेथे खांब का गंजला?

याचे उत्तर सोसायटीच्या हिशेबवहीत सापडले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम घ्यावयाची असते. आमच्या इमारतीत प्रत्येक सदनिकेचा बांधकाम खर्च १९८७ च्या कागदांवर नव्वद हजार रुपये दाखवला आहे. त्याचा एक टक्का नऊशे रुपये. सोळा सदनिकांचे मिळून वर्षाला १४,४०० रुपये जमतात. अभियंत्याने दुरुस्तीचा अंदाज दिला तो चोवीस लाखांचा. या गतीने निधी जमावयास दीडशेहून अधिक वर्षे लागतील. उपविधींनी 'किमान' म्हटले आहे. सर्वसाधारण सभेला हवा तेवढा निधी वाढवता येतो. पण किमान हेच कमाल मानण्याची आपली रीत आहे. गिरगावच्या चाळीचे भाडे १९४० मध्ये गोठले, म्हणून आपण कायद्याला दोष देतो. आमच्या सोसायटीने आपला दुरुस्ती खर्च १९८७ मध्ये गोठवला, तो कोणत्याही कायद्याच्या सक्तीविना, एकमताने व टाळ्यांच्या गजरात.

मत एकाचे, छत दुसऱ्याचे

आमच्या इमारतीत सोळांपैकी नऊ सदनिका भाड्याने दिलेल्या आहेत. त्यांचे मालक पुण्यास, ठाण्यास, एक तर परदेशात. सर्वसाधारण सभेत मत त्यांना आहे, आम्हांला नाही. म्हणजे ज्यांना मत आहे ते स्लॅबखाली झोपत नाहीत आणि जे स्लॅबखाली झोपतात त्यांना मत नाही. 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीच रचून ठेवली असावी. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी करावयाची असते. ती न झाल्यास विचारणा करणार कोण? भाडेकरूने विचारले तर त्याला उत्तर ठरलेले असते: "तुम्हांला पटत नसेल तर दुसरीकडे बघा."

येथे एक गोष्ट मालकांच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. माझे मालक धनदांडगे नाहीत. निवृत्तिवेतनाला या भाड्याची जोड नसती, तर त्यांना मुलाच्या संसारात ओशाळवाणे राहावे लागले असते. चोवीस लाखांतील त्यांचा वाटा दीड लाखाचा, म्हणजे वर्षाच्या भाड्याहून अधिक. मी त्यांच्याकडून दोन हजार काढून घेतले तेव्हा त्यांची दुरुस्तीची ऐपतही तेवढीच कमी केली. आणि हे मी एकट्याने केले नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, की आम्हां नऊही भाडेकरूंनी तोच खांब आणि तीच सळई दाखवून थोडीथोडी सूट मिळवली होती. प्रत्येकी दोन हजार धरले तरी महिन्याला अठरा हजार. तपासणीची फी होती चाळीस हजार. तीन महिन्यांच्या सवलतीत ती सहज भागली असती! एकच तडा नऊ वेळा विकला गेला. तो बुजवण्याचे मात्र कोणीच मनावर घेतले नाही, कारण तो बुजला असता तर सूटही गेली असती.

दुसरी घासाघीस

कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मी काकांना पुण्यास जाऊन भेटलो. तेरा हजार भाडे द्यावयास तयार आहे, असे सांगितले. ते चकित झाले. माझ्या अटी चार होत्या. वरचे दोन हजार त्यांच्या नावे सोसायटीच्या दुरुस्ती निधीत जमा व्हावेत आणि पावतीची प्रत मला मिळावी. संरचनात्मक तपासणीचा अहवाल करारास जोडावा. जागा खाली करण्याची वेळ आली तर त्या दिवसापासून भाडे बंद व्हावे आणि अनामत पंधरा दिवसांत परत मिळावी. आणि सर्वसाधारण सभेस त्यांनी स्वतः येऊन दुरुस्तीच्या बाजूने मत द्यावे. काकांनी चहा पुढे केला आणि विचारले, "सर, यात तुमचा फायदा काय?" मी म्हटले, "काका, पहिल्या खेपेला मी फायदाच पाहिला होता."

ते सभेस आले. त्यांच्यामागून आणखी तीन मालक आले. निधी वाढवण्याचा ठराव दोन मतांनी मंजूर झाला. तपासणी झाली, खाली न करता दुरुस्ती करता येईल अशा वर्गात इमारत बसली, हे आमचे नशीब. तळमजल्यावरच्या खांबांना टेकू लागले असून तीन खांबांचे काम पुरे झाले आहे. बाकीचे पैशांअभावी थांबले आहे. पाच मालक अजूनही वर्गणी देत नाहीत. मीही तेथेच राहतो. तेव्हा ही यशोगाथा आहे, असा वाचकांनी समज करून घेऊ नये.

परंतु एकट्यादुकट्या भाडेकरूच्या सद्बुद्धीवर हे सोडून चालणार नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडेनियंत्रण अधिनियमाने बंधनकारक केले आहे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे राज्यातील प्रत्येक अधिकृत भाडेकरार नोंदणीच्या एका दारातून जातो. तीस वर्षांवरील इमारतीच्या करारास त्याच दारात तपासणीच्या अहवालाची प्रत मागितली, तर नवा कायदा न करताही केवळ एका नियमाने सचिवांच्या कपाटातील नोटिसा बाहेर येतील. दुरुस्ती निधी मूळ बांधकाम खर्चावर न ठरवता चालू खर्चावर ठरवावा. आणि अहवाल पाहण्याचा व सभेत आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार, मताचा नव्हे, तेथे राहणाऱ्या प्रत्येकास असावा. यांतून मालकांवर बोजा पडेल आणि काही भाडी वाढतील, हे मी नाकारत नाही. ज्यांना ही वाढ झेपणार नाही अशांसाठी शासनाला हात सैल सोडावा लागेल. स्वस्त घरे हवीत तर त्यांचा खर्च उघडपणे समाजाने उचलला पाहिजे. तो आज उचलला जातोच. फक्त तो गंजलेल्या सळईच्या नावे मांडलेला असतो आणि त्याची वसुली एखाद्या पावसाळी रात्री एकदम होते.

घर भाड्याने घेणाऱ्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. घासाघीस जरूर करा. ती करणे हा आपला हक्क आहे. रंग उडाला असेल, नळ गळत असेल, खिडकी लागत नसेल, तर भाडे कमी करून घ्या. पण खांबावर, बीमवर वा स्लॅबवर बोट ठेवाल तेव्हा सूट मागू नका. दुरुस्ती मागा, अहवाल मागा. आणि दोन्ही मिळत नसतील तर शक्य असल्यास पायऱ्या उतरून परत फिरा. आमच्या स्वयंपाकघरात जेथला गिलावा पडला तेथे आता नवा सिमेंटचा चौकोन आहे. मुलगी अजून त्याच्याखालून जाताना मान वर करून पाहते. पहिल्या करारावर सही करताना मी वर पाहिले होते ते केवळ भाडे कमी करून घेण्यासाठी.